नखवाले सर

सर कुणालाही भेटले की आधी त्याचे दात बघायचे. नाव, गाव, कुशल हे सगळं नंतर. समोरचा हसला नाही तर ते स्वतःच म्हणायचे, "जरा हसा बरं." माणूस अवघडून हसला की मान तिरकी करून, उजेडाच्या बाजूला सरकून ते बघत राहायचे. परभणीच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्राचा नवा अधिव्याख्याता म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मलाही हसायला लावलं. मी हसलो. ते म्हणाले, "जन्म गोदाकाठचा असेल, पण पाचव्या वर्षापासून दोनतीन वर्षं दुसरीकडं होता. डोंगराकडं. तिथली विहीर खोल होती."

मी घाबरलो, कारण ते खरं होतं. आई आजारी होती म्हणून ती वर्षं मी आजोळी काढली होती आणि कॉलेजात हे कुणालाही माहीत नव्हतं. यात जादू काही नाही हे नंतर कळलं. दात हिरडीत तयार होत असताना पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं, तर दातांवर पांढुरके आडवे पट्टे उमटतात. ते कोणत्या दातावर आणि किती उंचीवर आहेत त्यावरून वय सांगता येतं. पण कारण कळल्यावरही पहिल्या दिवशीची भीती अंगातून पूर्ण गेली नाही. या माणसापुढं तोंड उघडलं की आपलं आतलं दिसतं, असं वाटायचं. पुढं मी त्यांच्याशी एक खोटं बोललो. ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे, पण आधी सर सांगितल्याशिवाय ते खोटं केवढं होतं ते कळणार नाही.

सर मूळचे पाथरीचे. उमेदीची वर्षं त्यांनी दूरच्या एका मोठ्या शहरात, संशोधनासाठीच्या अणुभट्टीवर काढली. निवृत्त झाल्यावर परत आले. बायको आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं, म्हणून धाकट्या भावाकडं परभणीत राहू लागले. कॉलेजनं त्यांना मागच्या बाजूची एक खोली दिली होती, जिथं पूर्वी तुटकी बाकं ठेवायचे. त्या खोलीत लाकडी कपाटं होती आणि कपाटांत कागदाच्या हजारो लहान पुड्या. प्रत्येक पुडीवर नाव, गाव, वय आणि नंबर. आत माणसांची नखं.

"पाणी आजचं सांगतं," सर म्हणायचे. "नख मागच्या वर्षाचं सांगतं. हाड जन्माचं सांगतं. हाड मागता येत नाही, म्हणून नख."

काम असं चालायचं. गावोगाव जाऊन नखं गोळा करायची, पुन्हा पुन्हा धुऊन घ्यायची. घामातलं मीठ राहिलं तर आकडा चढून येतो. सर त्याला "मिठाचं खोटं" म्हणायचे. मग वर्षातून दोनदा आम्ही रेल्वेनं त्या शहरात जायचो. तिथं नख एका बोटाएवढ्या डबीत घालून हवेच्या नळीतून अणुभट्टीच्या पोटात सोडायचं. आत काही सेकंद त्याच्यावर न्यूट्रॉनचा मारा होतो आणि डबी तशीच नळीतून परत येते. या माऱ्यानं नखातले काही अणू थोड्या वेळापुरते किरणोत्सारी होतात आणि पुन्हा शांत होताना किरण टाकतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या किरणाची ऊर्जा ठरलेली. त्यावरून नखात कोण आहे आणि किती आहे ते कळतं, अगदी दहा लाखांत एक भाग असला तरी. मात्र काही मूलद्रव्यं फार थोडा वेळ थांबतात. त्यात फ्लोरिन भलतंच उतावीळ. दर अकरा सेकंदांनी ते निम्मं होतं. मिनिटभरात जवळजवळ संपतं.

सर 'किरण' म्हणायचेच नाहीत. 'बोलतंय' म्हणायचे. मोजणीच्या यंत्राला त्यांनी एक जुना स्पीकर जोडून घेतला होता. प्रत्येक किरणाला टक् असा आवाज यायचा. सुरुवातीला तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज, मग विरळ, आणखी विरळ, आणि मग बराच वेळ थांबून एखादाच टक्. तो शेवटचा आवाज ऐकून सर पेन उचलायचे.

एकदा गंगाखेडकडच्या एका म्हाताऱ्याचं नख मोजायला घेतलं. तो माणूस आम्ही नख घेतल्यानंतर महिन्याभरातच गेला होता. नख बोलायला लागलं आणि सर खुर्चीवरून उठून उभे राहिले. हात बाजूला, नजर खाली. आवाज थांबल्यावर बसले.

"सर, उभं का राहिलात?"

"माणूस जाळून झालाय, राख गंगेत गेलीय, आन ते अजून सांगायलंय," सर म्हणाले. "बसून कसं ऐकायचं?"

तेव्हापासून त्या खोलीत एकट्यानं बसायला मला नकोसं वाटायचं. कपाटातल्या कुठल्या पुडीचा माणूस जिवंत आहे आणि कुठल्या पुडीचा नाही, हे आपल्याला माहीत नाही. पुड्या मात्र सारख्याच.

नखं मिळवणं सोपं नव्हतं. आमच्या भागात कापलेलं नख घरात पडू देत नाहीत, परक्याच्या हाती तर मुळीच देत नाहीत. त्यावर करणी होते असं मानतात. बालाघाटाच्या पायथ्याची एक वाडी होती. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनी भोगलं तेवढं पुरे. तिथं चौथी-पाचवीतल्या पोरांचे दात तपकिरी आणि चाळिशीतली माणसं गुडघ्यात वाकलेली. सरांना ती वाडी हवीच होती. पहिल्या दिवशी पारावर एका म्हाताऱ्यानं सरळ सांगितलं, "मास्तर, रगत घ्या, मूत घ्या, फोटू काढा. नख न्हाई भेटणार."

सर त्याच्याशेजारी बसले. खिशातून नेलकटर काढलं, स्वतःच्या डाव्या अंगठ्याचं नख कापलं, कागदात गुंडाळलं आणि म्हाताऱ्याच्या हातावर ठेवलं. "हे माझं. तुमच्याकडं राहू द्या. तुमच्या नखाचं मी वाईट केलं, तर माझ्या नखाचं तुमी करा."

"आमाला कुठं मंत्र येतो?"

"मला तरी कुठं येतोय?"

पार हसला. पण हसण्यावारी गेलं नाही. त्या दिवसापासून तीच रीत झाली. जे घर नख देईल, त्या घरात सरांचं एक नख राहील. चांगुणाबाई म्हणून एक बाई होती, विधवा, पन्नाशीची, ताठ. तिच्या दारात स्वतःची विहीर होती, दोन वर्षांपूर्वीच खोल करून घेतलेली. तिनं सरांचं नख घेतलं, कुंकवाच्या रिकाम्या डबीत घातलं, डबी देव्हाऱ्यात ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्यापाशी इनमिन वीस नखं, मास्तर. आन वाडीत घरं तीस. दहा घरांला काय उधार ठेवणार का?"

"पुन्हा उगवतात, बाई. फुकटचं पीक आहे."

म्हणून वाडीला जायचं असलं की सर दीड-दीड महिना नखं कापायचे नाहीत. स्टाफरूममध्ये चेष्टा चालायची. "सर, वाघ व्हायलाव का?" सर ऐकून घ्यायचे आणि विचारणाऱ्याच्या दातांकडं बघायचे.

चांगुणाबाईच्या नखाचा नंबर एक्केचाळीस.

मोजणीच्या वेळी आमची विभागणी ठरलेली होती. सर अणुभट्टीच्या दालनात बसून डब्या आत सोडायचे. मी दोन भिंतींपलीकडं मोजणीच्या खोलीत. मध्ये बोलायला एक यंत्र होतं, त्यातून त्यांना माझ्या खोलीतली टकटकही ऐकू जायची. डबी न्यूट्रॉनमधून बाहेर निघाली की घंटा व्हायची आणि मी हातातलं घड्याळ सुरू करायचो. मग नळीच्या तोंडाशी डबी धप् करून येऊन पडायची. झाकण उघडायचं, नख दुसऱ्या कोऱ्या डबीत ओतायचं, ती शिशाच्या विटांच्या पेटीत ठेवायची आणि बटण दाबायचं. सरावानं याला वीस सेकंद लागायचे. बटण दाबलं की सर विचारायचे, "किती?" आणि मी सांगायचो, "वीस." ते त्यांच्या वहीत लिहून घ्यायचे. त्या वीसवरूनच नंतर हिशेब मांडायचा, की बाहेर निघाल्या क्षणी फ्लोरिन किती असेल.

हे नीट सांगायला हवं. उशीर झाला तर बिघडत नाही. तीस सेकंद झाले तर तीस सांगायचे, साठ झाले तर साठ. सूत्रात तो आकडा घातला की उत्तर सरळ होतं, फार तर थोडं ढोबळ येतं. खोटा आकडा घातला तर मात्र ते उत्तर नंतर कुणालाही सरळ करता येत नाही.

त्या दिवशी दुपारी छत्तिसाव्या नखाला मला तीस सेकंद लागले. मी तसं सांगितलं. सर म्हणाले, "तुमचं लक्ष दुसरीकडं आहे." त्यांच्याजवळ बसलेला अणुभट्टीवरचा माणूस हसला. ते हसणं मला ऐकू आलं. मी पस्तिशीतला, दोन मुलांचा बाप, माझे कान तापले.

आणि लक्ष दुसरीकडं होतंच. माझ्या पीएच.डी.चा आलेख पुढ्यात होता. नखातला फ्लोरिन एका बाजूला, दातांचे डाग दुसऱ्या बाजूला, आणि ठिपके कसे एका रेषेत येत चालले होते. चाळिसावा ठिपका मी काढत होतो. एक्केचाळीसची घंटा झाली, मी घड्याळ दाबलं. डबी धप् करून पडली. एवढा ठिपका काढू आणि उठू, असं म्हटलं. ठिपका काढला, मग रेषा बरोबर जाते का तेही पाहिलं. उठलो, तर झाकण अडकलं. दातानं उघडलं. नख ओतलं, पेटीत ठेवलं, बटण दाबलं, घड्याळ पाहिलं. साठ.

"किती?"

"वीस," मी म्हणालो.

टकटक सुरू झाली ती विरळच. मग सर म्हणाले, "आवाज बसलाय जरा."

"नख कमी होतं, सर."

बेचाळिसावी डबी आली.

एक्केचाळीसचा आकडा खऱ्याच्या बाराव्या हिश्श्यानं निघाला. वाडीतली सगळी नखं वाईट आणि एकटी चांगुणाबाई स्वच्छ. परभणीला आल्यावर मी वहीच्या कडेला पेन्सिलनं तिचा आकडा बारानं गुणून पाहिला. तो वाडीतल्या सगळ्यांच्या वर गेला. मी खोडरबर घेतला. 'पाणी तपासलेलंच आहे,' अशी मनाची समजूत घातली. तिच्या विहिरीचं पाणी आम्ही पावसाळा सरताच घेतलं होतं आणि ते बरं निघालं होतं. वरच्या पावसानं ते पातळ झालेलं असणार हे मलाही कळत होतं. म्हणूनच उन्हाळ्यात पुन्हा तपासायचं ठरलं होतं. पण नख स्वच्छ आल्यामुळं ती गरज उरली नाही.

सर स्वतः वाडीला जाऊन सांगून आले, की बोअरचं पाणी सोडा, चांगुणाबाईच्या विहिरीचं प्या. बोअरच्या पंपांना लाल रंग फासला गेला. चांगुणाबाईच्या विहिरीवर रांग लागली. "साऱ्या वाडीला माझ्या दारचं पानी," ती सांगायची, आणि रांगेत भांडण झालं तर दोन्ही हंडे बाजूला काढून ठेवायची. खालच्या तांड्याला आठवड्यातून दोनदा नळ यायचा, तिकडं जाणं लोकांनी सोडलं. मला डॉक्टरेट मिळाली. माझ्या प्रबंधात त्या विहिरीवर एक आख्खं प्रकरण आहे. एकाच वाडीत एक विहीर चांगली का असू शकते, याची खडकांची कारणं मी त्यात दिली आहेत. वाचणाऱ्याला ती पटतात.

पुढच्या वर्षी सर एकदा एकटेच त्या शहरात जाऊन आले. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही सेलू भागातलं काम आटपून देवगाव फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो. ऊन होतं. टपरीवाल्यानं अर्धा-अर्धा चहा दिला. सर रस्त्याकडं बघत म्हणाले, "एक्केचाळीस परत मोजला. पुडीत अर्धं नख ठेवलेलं होतं."

मी विचारलं, "काय आलं?"

"बोललं," सर म्हणाले. "लय बोललं."

एवढं म्हणून ते माझ्याकडं वळले. त्यांनी माझ्या डोळ्यांकडं पाहिलं नाही. तोंडाकडं पाहिलं, अजून काही यायचं असल्यासारखं. बस येईपर्यंत ते तसेच उभे होते. त्या पाचदहा मिनिटांत मी चहाचा पेला धुतला, चपलेचा बंद सारखा केला, येणाऱ्या गाडीची पाटी वाचण्याचा बहाणा केला. बस आली. सर खिडकीपाशी बसले. मी त्यांच्या शेजारी न बसता मागच्या सीटवर जाऊन बसलो.

त्या दिवसानंतर मोजणीला गेलो की ते स्वतः मोजणीच्या खोलीत बसायचे आणि मला डब्या सोडायला पाठवायचे. त्यांनी मला पुन्हा कधीही 'किती' विचारलं नाही. मला मात्र कुणीही विचारलं तरी तो शब्द बाधतो. बसमध्ये कंडक्टर तिकिटासाठी म्हणतो, "किती?" आणि माझ्या तोंडात आधी 'वीस' येतं. बायकोला वाटतं, मला कमी ऐकू यायला लागलंय.

सर वाडीला दोनदा एकटे जाऊन आले हे मला माहीत होतं. त्यांनी सगळं निस्तरलं असेल, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. तशी चार वर्षं गेली. मी विभागप्रमुख झालो.

मग सर आजारी पडले. मेंदूतल्या कसल्याशा झटक्यानंतर उजवी बाजू जड झाली, बोलणं मात्र शाबूत राहिलं. मी दर रविवारी जायचो. त्यांच्या भावजयीनं मला एकदा दारातच थांबवलं. "भाऊजी कायबी बोलायलेत," ती म्हणाली. "तुमी ऐका तरी."

सर उताणे पडले होते. पांघरुणावर डावा हात, बोटं अर्धवट मिटलेली. मला बघून म्हणाले, "कुणीतरी माझं नख हातात घेतलंय."

"सर, काहीतरीच."

"दुखत नाही. नुसतं धरल्यासारखं वाटतंय. सारखं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे. पण कुठल्या घरात धरलंय, तेही कळतंय."

बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी कुकरची शिट्टी होत होती. कुठलं घर, हे मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ते शांत दिसले. भावजय म्हणाली, "वाडीची एक बाई येऊन गेली. कंबरेत पार वाकलेली. नातीच्या खांद्याला धरून आली, काही बोलली न्हाई. उशीवर कागदाची पुडी ठेवली आन गेली."

"चांगुणाबाईनं नख परत केलं," सर म्हणाले. "तिच्याकडं ते ठेवायला कारण होतं. तरी दिलं."

मग त्यांनी मला सांगितलं. दुसऱ्यांदा मोजल्यावर ते त्याच आठवड्यात वाडीला गेले होते. विहिरीचं उन्हाळ्यातलं पाणी आणून तपासलं आणि दुसऱ्या खेपेला तो कागदही त्यांनी नेला होता. विहीर सोडा, असं पारावर उभं राहून सांगितलं होतं. लोकांनी विचारलं, मग आधीचा चांगला आकडा कुणाचा? सर म्हणाले, माझाच. माझी चूक झाली. तेव्हा चांगुणाबाईचा मुलगा म्हणाला, एकदा चुकलेल्या माणसाचं दुसऱ्यांदा कशावरून खरं धरायचं? आणि एकजण म्हणाला, बाटलीत काय कालवलं असंल कुणाला मालूम. नख मागणारा माणूस.

"म्हणजे विहीर चालूच आहे?" मी विचारलं.

"चालूच आहे."

"सर, तो वीस माझा होता."

"माहीत आहे. मला ऐकू आलं होतं." त्यांनी डोळे मिटले. "तुम्ही बोलाल, असं वाटत होतं. तोवर झाकून ठेवावं म्हटलं. ती माझी चूक. तुम्हाला झाकायला गेलो आणि माझ्या शब्दाची किंमत घालवून बसलो. खरा आकडा होता माझ्याकडं. पण कुणी घेईना."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं आणि मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

बारा दिवसांनी सर गेले.

तरीही मी लगेच गेलो नाही. दीड महिना घालवला. त्या दीड महिन्यातही वाडी त्याच विहिरीवर हंडे भरत होती. शेवटी एका सोमवारी सकाळी कॉलेजात गेलो आणि प्राचार्यांच्या हातात पत्र दिलं: माझ्या प्रबंधातला एक आकडा मी जाणून खोटा दिला आहे, त्यावरचं प्रकरण रद्द समजावं, पुढची कारवाई आपण ठरवावी. त्याची एक प्रत खिशात घातली आणि गंगाखेडला जाऊन जीप धरली.

चांगुणाबाई ओट्यावर बसली होती. माझ्या आठवणीतली ताठ बाई मी शोधत होतो आणि ती समोरच होती. मान वर करायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. नात दाराशी उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं तशी तिनं ओढणी तोंडावर घेतली. विहिरीवर दोन बायका होत्या.

"मास्तरासंगं यायचे ते सायब न्हवं तुमी?" चांगुणाबाई म्हणाली. "बसा. मास्तर गेले म्हनं. सोन्यावानी मानूस, पर आकड्याला कच्चा." मग आत तोंड करून सुनेला म्हणाली, "चहाचं आधन ठेव गं."

मी बसलो नाही. तिच्या मुलालाही बोलवा म्हणालो. तो गोठ्यातून आला, पाठोपाठ विहिरीवरच्या दोघीही काय आहे बघायला आल्या. मी सांगितलं. घंटा, घड्याळ, ठिपका, झाकण, वीस. जेवढं सोपं करता येईल तेवढं केलं.

मुलगा म्हणाला, "म्हंजे मास्तर चुकले नव्हते?"

"नव्हते. पहिला आकडा माझा. मी खोटा सांगितला. त्यांनी नंतर स्वतः मोजला तो खरा. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, एवढंच."

"आन आता तुमी खरं बोलायलाव, हे कशावरून?"

मी खिशातली प्रत काढून त्याला दिली. तो दाराच्या उजेडात गेला आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागला. 'जाणून खोटा' तिथं थांबला, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा वाचू लागला. शेवटी माझी सही आणि हुद्दा वाचला.

"नोकरी जाईल तुमची," तो म्हणाला.

"जाईल बहुतेक."

मी शिव्यांची वाट बघत होतो. कुणीतरी अंगावर धावून यावं, असंही वाटत होतं. चांगुणाबाई नातीकडं बघत होती. बराच वेळ. मग तिनं विहिरीवरच्या बायकांना विचारलं, "भरले का हंडे?"

"एक भरला, मावशी."

"रिता कर."

त्या बाईनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग हंडा कलंडवला. पाणी ओट्याच्या कडेनं वाहत गोठ्याकडं गेलं. आत चुलीवर आधन उकळायला लागलं होतं, त्याचा आवाज येत होता. चांगुणाबाई तिकडं न वळताच म्हणाली, "तेबी उतरव. फेकून दे."

सुनेनं पातेलं बाहेर आणून अंगणात ओतलं. मातीतून वाफ वर आली. मग तिनं दोन रिकामे हंडे उचलले, एक डोक्यावर, एक कंबरेवर, आणि तांड्याच्या वाटेला लागली. नातही एक घागर घेऊन तिच्या मागं निघाली.

मी जायला वळलो तशी चांगुणाबाईनं ओट्यावर हातानं जागा दाखवली.

"बसा," ती म्हणाली. "तांड्याहून पानी आलं की चहा करू. येळ लागंल."

मी बसलो.